मशीनच्या पोटातलं पाणी

चिचघाटच्या बोटीचं मशीन खालून उघडलं आणि त्यातून ताकासारखं पांढरट तेल निघालं, तेव्हा काठावरचे सगळे बाप्ये एका दमात मिस्त्री झाले. ज्यांनी जन्मात सायकलची चेन चढवली नव्हती, तेही मान डोलावून सांगू लागले की गिअरात पाणी शिरलं. पाणी शिरलं म्हणजे मशीन दगडावर आपटलं. आपटलं म्हणजे चालवणारीनं आपटलं. इतका सरळ हिशेब शाळेत कोणाला जमला नव्हता, पण चालवणारी बाई असली की आपल्याकडे गणितं आपोआप सुटतात.

ही बाई म्हणजे दिव्यानी, मुखरू नावाड्याची सून. वैनगंगेच्या अलीकडे गडचिरोली जिल्हा, पलीकडे चंद्रपूर, आणि मधे हा घाट. पूल आहे, नाही असं नाही. पण पुलावरून जायचं तर अर्धा दिवस रस्त्यातच मोडतो. म्हणून मच्छीमार संस्थेला सरकारी योजनेतून मशीनची बोट मिळाली होती. पलीकडच्या बांध्यांत धान कापायला जाणाऱ्या बाया, कॉलेजच्या पोरी, दवाखान्यात निघालेली म्हातारी माणसं, सगळ्यांचा भरवसा त्या बोटीवर. ती चालवायला शिकवायचं म्हणून तहसीलनं शिबिर घेतलं, तेव्हा गावातले बाप्ये पोहे खाऊन घरी आले आणि दिव्यानी शेवटपर्यंत थांबली. तिचा नवरा प्रवीण बल्लारपूरला कामाला, सुटीपुरता घरी यायचा. संस्थेचे अध्यक्ष रामाजी यांना आपला पुतण्या आदेश बोटीवर बसवायचा होता, पण आदेशही पोहे खाणाऱ्यांतलाच निघाला. ती सल रामाजींच्या मनातून गेली नव्हती.

आणि गंमत पाहा, तेल पांढरं झाल्याचं दिव्यानीनंच सांगितलं होतं. मशीनचा खालचा स्क्रू जरा ढिला करून तेलाचा थेंब बोटावर घ्यायचा, ही तिची सवय. पहिल्यांदा थेंब पांढरा आला तेव्हा स्क्रूखाली वायसरऐवजी सायकलच्या ट्यूबची कापलेली चकती सापडली. कोणीतरी आपली हुशारी दाखवली होती. तेलानं ती चकती फुगून लिबलिबीत झाली होती. दिव्यानीला वाटलं, सापडला चोर. तिनं चांगली वायसर बसवली, नवं तेल भरलं, फेऱ्या सुरू केल्या. आणि पुन्हा थेंब पांढराच. म्हणजे पाणी दुसरीकडूनच शिरत होतं.

झाकून ठेवलं असतं तर बोट आणखी काही दिवस चालली असती. मग कधीतरी भरल्या बोटीनिशी भर धारेत गिअर अडकले असते. म्हणून ती स्वतः रामाजींच्या दारात गेली.

"भाऊ, मशीनमधी पानी जाऊन राह्यलं. मिस्तरी बोलवा. तोवर मी बोट नाई काढत."

"म्हंजे आपटलीच ना तू?" रामाजी खाटेवरून उठलेसुद्धा नाहीत.

"दगड लागला असता तं माझ्या हाताले कळलं नसतं का?"

"तुले काय कळते, थे दिसूनच राह्यलं. नवाब मिस्तरीले बोलावतो. दगड लागला असं निघालं की तू बोटीवरून खाली. मंग आदेश चालवन."

"आन नाई निघालं तं?"

"तं काय?"

"तं मी बोटीवर राहीन, आन पुन्हा कोनी माझ्या हाताले नाव ठेवायचं नाई. मशीन घाटावर खोला, समद्या गावासमोर."

"हात दाखवून अवलक्षण करून घेऊन राह्यली, सूनबाई," रामाजी हसले. "खोलू ना. गावासमोरच खोलू."

आता हे सगळं घाटावर पोचलं. त्यात प्रत्येकानं आपल्या पदरची मिरची टाकली. बाई मोबाईल पाहत बोट चालवते. बाईला खोल-उथळ कळत नाही. बाई रडून दाखवेल आणि सुटेल. दिव्यानी रडली नाही. ती पाण्याला जायची, येता जाता ऐकायची, आणि संतापानं तिचे कान गरम व्हायचे.

लोकांचं तिला फार वाटलं नाही. वाटलं ते घरातलं. तिचा सासरा मुखरू ओट्यावर जाळं विणत बसायचा आणि ऐकून न ऐकल्यासारखं करायचा. या घाटावर बांबू टेकत टेकत त्यानं आयुष्य काढलं होतं. मशीनची बोट आली त्या दिवशी त्यानं पाठ फिरवली आणि आजवर तिच्यात पाऊल ठेवलं नव्हतं. कुठं जायचं तर स्वतःच्या लाकडी डोंग्यातून जायचा. तरी सुनेला नदी दाखवली ती त्यानंच. कुठं खडक आहे, कुठं पाणी वरून शांत आणि खालून ओढतं, कुठली रेती यंदा सरकली, सगळं. दगड कुठं आहेत हे दिव्यानीला किती पक्कं ठाऊक आहे, ते गावात फक्त त्याला ठाऊक होतं. त्यानं चावडीवर जाऊन एक शब्द टाकला असता तर अर्ध्या गावाची तोंडं मिटली असती.

"मामाजी, तुमी तरी बोला ना," भात वाढता वाढता तिनं म्हटलं.

म्हाताऱ्यानं ताटातली डाळ कालवली. "देऊन टाक वो मशीन. कशाले झगडते?"

"चूक माझी नाई तं काऊन देऊ?"

त्यानं भात संपवून हात धुतला आणि नदीकडे निघून गेला.

नवाबभाई आला तो सकाळी, फटफटीच्या मागे हत्यारांचं पोतं बांधून. ब्रह्मपुरीत त्याचं पाण्याच्या पंपांचं दुकान. पण नदीकाठच्या मशीनांना तोच हात लावायचा. रामाजींनी त्याला आधी आपल्या घरी नेऊन चहा पाजला. त्यामुळे घाटावर पाय ठेवला तोच तो म्हणाला, "पत्थर लगा होगा, दुसरं काय."

"नवाबभाऊ, थे तं रामाजीभाऊनं सांगतलं," दिव्यानी पुढे आली. "तुमी पाहून सांगा."

नवाबभाईनं तिच्याकडे जरा रागानं पाहिलं. मग त्याच्या मिशीत हसू आलं. "ठीक हाय बेटी. पाहूनच सांगतो."

घाटावरच्या चिंचेखाली गाव जमलं होतं. आदेश नवा शर्ट घालून आला होता. धान कापायचं सोडून बायाही आल्या होत्या, आणि त्यांच्यात सगळ्यात पुढे शकुबाई, जिची जीभ विळ्याहून धारदार. मुखरू मात्र सगळ्यांच्या मागे, आपल्या डोंग्याला टेकून उकिडवा बसला होता.

मशीन बोटीवरून उतरवून लाकडी घोड्यावर उभं केलं. नवाबभाईनं आधी पाण्यात फिरणारा पंखा पाहिला. दगडावर आपटलेल्या पंख्याच्या कडा तुटतात, वळतात. इथं नुसते ओरखडे होते. मग त्यानं पंख्याच्या टोकाजवळ एक काडी धरली आणि पंखा हातानं हळूहळू फिरवला. प्रत्येक पातं काडीपासून सारख्याच अंतरावरून गेलं. दांडा वाकडा असता तर एखादं पातं काडीला लागलं असतं.

"दांडा सीधा हाय," तो म्हणाला.

"सीधा राहूनही पानी अडवनारं सील फुटते," रामाजी म्हणाले.

"फुटते ना. पण कोनतं फुटलं, थे पाहू. गंज आना कोनी तरी, मोठा."

शकुबाईच्या घरून गंज, म्हणजे लग्नाच्या स्वयंपाकाचं मोठं पातेलं, आलं. त्यात पाणी भरून मशीनचा खालचा भाग बुडवला. आतलं तेल आधीच काढलं होतं. एक स्क्रू घट्ट बसवून दुसऱ्याच्या जागी नवाबभाईनं नळी लावली आणि नळीला सायकलचा पंप.

"आता हवा भरतो. जिथून पानी आत जाते, तिथूनच हवा बाहेर येनार. बुडबुडे पाहा. आन जास्त भरायची नाई, नाई तं चांगलं सीलही उडते."

गाव गंजाभोवती वाकलं. लग्नात मुलगी पाहायला वाकत नाहीत इतकं वाकलं. नवाबभाईनं पंप दाबला. बुडबुडा नाही. पुन्हा दाबला. नाही. स्क्रूपाशी काही नाही, वरच्या जोडापाशी काही नाही. रामाजींच्या चेहऱ्यावर हसू यायला लागलं. मग नवाबभाईनं पाण्यात हात घालून पंखा जरासा फिरवला, आणि पंख्याच्या मुळाशी एक बुडबुडा फुगला, सुटला, वर आला. त्याच्या मागून दुसरा. मग माळच लागली.

"मिळालं," नवाबभाई म्हणाला. "पंख्यामागचं सील. बेटी, तूच खोल. पक्कड घे."

दिव्यानीनं पिन काढली, नट सोडला, पंखा ओढून बाहेर काढला. दांड्याच्या मुळाशी, सीलच्या अगदी ओठावर, तंगूसचा धागा गुंडाळला होता. मासे धरायच्या जाळ्याचा नायलॉनचा धागा, केसासारखा बारीक. फेऱ्या मारता मारता तो आत आत सरकला होता आणि त्यानं सीलचं रबर कापलं होतं.

तिच्या छातीवरचं ओझं उतरलं. दगड नव्हता. तिचा हात चुकला नव्हता. ती पक्कडीनं धागा उलगडत गेली आणि शेवटी हातात जाळ्याचा एक तुकडा आला, दोनतीन घरांचा, मधे तुटलेला आणि कधीतरी हातानं दुरुस्त केलेला.

दुरुस्तीची गाठ उलटी होती.

मुखरू डावखुरा. साऱ्या चिचघाटात त्याच्याच हाताची गाठ उलट्या बाजूला पडायची. मासे धरणाऱ्या ढिवरांची पोरंसुद्धा लांबून पाहून सांगत, हे मुखरूबाबाचं जाळं.

दिव्यानीनं मूठ मिटली.

हे काय झालं, ते समजायला तिला क्षणही लागला नाही. चिंचेपासून पलीकडच्या रेतीपर्यंत पाण्याचा एक सरळ पट्टा आहे, त्याला घाटवाट म्हणतात. घाटवाटेत कोणी जाळं टाकायचं नाही, ही आज्या-पणज्यापासूनची रीत. अडल्या बाईला घेऊन कोणी कधी निघेल, त्याच्या बांबूत जाळं अडकता कामा नये. जो टाकेल त्याचा डोंगा पुढच्या पुनवेपर्यंत काठावर पालथा. आणि ही रीत लहानथोरांना समजावून सांगणारा माणूस होता मुखरू. यंदा मासा फक्त मधल्या खोल पाण्यात उरला होता आणि ते खोल पाणी घाटवाटेतच होतं. म्हाताऱ्यानं अंधारात जाळं टाकलं असेल, उजाडायच्या आत ओढायला गेला असेल, आणि हातांत जोर राहिला नसेल म्हणून एक तुकडा मागे राहिला असेल. तिला हे सगळं डोळ्यांनी पाहिल्यासारखं दिसलं.

झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणतात. धाग्याची वेटोळी नवाबभाईच्या पुढ्यात पडली होती, तेवढ्यानं तिचं काम भागत होतं. गाठ तेवढी चिखलात दाबली की झालं. आपलेच दात, आपलेच ओठ. तिनं मागे पाहिलं. म्हातारा डोंग्याला टेकून तिच्याकडेच पाहत होता. त्याला कळलं होतं. त्याच्या डोळ्यांत विनवणी होती आणि ती विनवणी पाहूनच दिव्यानीचं डोकं फिरलं. इतके दिवस गाव तिला फाडून खात होतं तेव्हा हे डोळे कुठं होते? ताटातल्या डाळीत!

"जाळ्याचा धागा हाय म्हनता," तेवढ्यात रामाजींनी आवाज चढवला. "मंग तं आनखीच झालं! वाट सोडून दुसऱ्याच्या जाळ्यावरून बोट नेली हिनं. कोनाचं नुकसान केलं, थे विचारा हिले."

आता मात्र संपलं. म्हणजे गाठ दाबली तरी दोष तिच्याच माथी.

"वाट सोडून मी कधीच गेली नाई," ती मोठ्यानं म्हणाली. "जाळंच वाटेत होतं. आन कोनाचं होतं, थेही सांगते." तिनं मूठ उघडली. "हे आमच्या घरचं हाय."

शकुबाईनं तुकडा उचलून डोळ्यांजवळ नेला, मग काही न बोलता खाली ठेवला. शकुबाई काही बोलली नाही, यावरूनच गावानं काय ते ओळखलं.

"मामाजी," दिव्यानी वळली. "जाळं टाकलं याचा मले राग नाई. पोटासाठी टाकलं असन. पन समदं गाव मले आंधळी म्हनत होतं, आन तुमी बाजूले बसून भात खाल्ला. मी वाढलेला भात. थे मले नाई सहन झालं."

मुखरू गुडघ्यांवर हात टेकून उठला. "जाळं माझंच," तो म्हणाला. "पोरीचा दोष नाई." एवढंच. आणि मान खाली घालून उभा राहिला.

रामाजींना सावरायला वेळ लागला, पण सावरले. राजकारणी माणूस पडला तरी त्याचं नाक वर असतं. "मंग रीत काय सांगते?" ते गावाकडे वळले. "ज्या घरचं जाळं वाटेत, त्या घरचं पाऊल पुनवेपर्यंत पान्यात नाई. घर म्हंजे सून आलीच. बोट आदेश चालवन."

"रीत डोंग्याची हाय, भाऊ," दिव्यानी म्हणाली. "आमचा डोंगा आमी आता पालथा करतो, कोनाले सांगावं लागनार नाई. पन बोट आमच्या घरची नाई, गावाची हाय. वाट चालू राहावी म्हनून रीत केली ना आपल्या आज्यानं? तिचंच नाव घेऊन तुमी वाट बंद करता? आन ठरलं होतं काय? दगड निघाला तं मी खाली. दगड दाखवा. दाखवा ना! नाई तं मी खाली उतरत नाई."

"पाहू ना," रामाजी दातओठ खात म्हणाले. "पाहू तुझ्या बोटीत कोन बसते थे. एकही मानूस बसनार नाई."

मुखरू तेवढ्यात डोंग्याचं एक टोक धरून ओढायला लागला होता. एकट्यानं हलत नव्हता. दिव्यानीनं जाऊन दुसरं टोक धरलं. दोघांनी एकमेकांकडे न पाहता तो काठावर ओढला आणि पालथा घातला. हे सगळ्या गावानं पाहिलं. घरी त्या रात्री चूल पेटली, जेवण झालं, पण बोलणं झालं नाही.

दुसऱ्या दिवशी नवाबभाई शहरातून मापाचं सील घेऊन आला. जुनं उकरून काढलं, नवं ठोकून बसवलं, पुन्हा गंज, पुन्हा पंप. पंखा कितीही फिरवला तरी एक बुडबुडा आला नाही. मधाच्या रंगाचं नवं तेल भरलं. "बेटी, आता पानी आत गेलं तं मले पकड," असं सांगून तो निघून गेला.

दिव्यानीनं मशीन बोटीवर चढवलं, दोरी ओढली. मशीन सुरू झालं. ती मागच्या फळीवर हँडल धरून बसली आणि काठाकडे पाहू लागली.

काठावर माणसं होती. बाया विळे घेऊन, पोरी दप्तरं घेऊन. आणि त्यांच्यामागे चिंचेखाली खुर्ची टाकून रामाजी. कोणाच्या घरकुलाची फाईल त्यांच्या हातात, कोणाच्या तळ्याचा ठेका. उद्या काम पडणारच होतं. सगळेजण एकमेकांकडे पाहत होते आणि पाऊल कोणी टाकत नव्हतं. शकुबाईसुद्धा पदराशी चाळा करत उभी होती, तिच्या मुलाचा अर्ज संस्थेत पडून होता.

दिव्यानीनं मशीन बंद केलं नाही. बसायचं तर बसा, नाही तर नका बसू, मी इथून हलत नाही, असं तिनं तोंडानं म्हटलं नाही, पण तिच्याकडे पाहून कोणालाही ते ऐकू आलं असतं. तिनं हँडल आणखी घट्ट धरलं. रिकामी बोट घेऊन जाईन आणि रिकामी परत आणीन, रोज, असं तिनं ठरवून टाकलं.

तेवढ्यात गर्दी दोन बाजूंना सरकली. मुखरू येत होता. धोतर गुडघ्यापर्यंत वर घेतलेलं, चपला हातात. रामाजींच्या खुर्चीसमोरून तो सरळ पुढे गेला, पाण्यात उतरला आणि बोटीच्या कडेला हात लावून उभा राहिला. मशीनच्या बोटीला त्यानं पहिल्यांदाच हात लावला होता.

"मुखरूभाऊ!" रामाजींनी हाक मारली. "विचार करून बसजा."

म्हाताऱ्यानं मागे वळून पाहिलं नाही. "मले पल्याड जायाचं हाय," तो सुनेला म्हणाला. "नेशीन का?"

दिव्यानीला बरं वाटलं आणि रागही आला, दोन्ही एकदमच. तिनं हात पुढे केला नाही. तो स्वतःच धडपडत चढला, बोट हलली, आणि तो बसायला जागा शोधू लागला.

"मधी नका बसू," ती म्हणाली. "पुढं बसा, टोकावर. तोंड पान्याकडं करून."

तो निमूट पुढे जाऊन बसला. त्याच्यामागून शकुबाई चढली, विळा कमरेला खोचत, रामाजींना ऐकू जाईल अशा आवाजात देवाचं नाव घेत. मग पोरी चढल्या. मग ज्या बाया इतका वेळ एकमेकींकडे पाहत होत्या, त्या एकमेकींना ढकलत चढल्या, आणि बोट भरली.

दिव्यानीनं बोट घाटवाटेत घेतली. पुढे म्हाताऱ्याची पाठ होती, वाकलेली, आणि त्याची नजर पाण्यावर.

"मामाजी," मशीनच्या आवाजावरून तिनं ओरडून विचारलं, "पान्यात काही दिसलं तं सांगान ना?"

म्हातारा पाण्यावर आणखी वाकला. तिला वाटलं, ऐकू गेलं नसेल. मग त्यानं मान न वळवताच उत्तर दिलं.

"या वेळेस सांगीन."